आपलं म्हणजे कुणाचं

फुटबॉलला मी कधी पाय लावला नाही. आमच्या लहानपणी गावात तालीम होती, तांबडी माती होती आणि पोरगं मोठं झालं की हौद्यात उतरायचं एवढंच ठरलेलं होतं. तरी फुटबॉल बघितला मात्र पुष्कळ. दहावीनंतर शिक्षण थांबलं आणि कोल्हापुरात दुधाचा रतीब घालायचं काम माझ्याकडं आलं. सकाळचं दूध घालून झालं की पेंड, खत, मोटारीचा वायसर अशी कामं काढून शहरातच रेंगाळायचो आणि दुपारी चारला रिकाम्या किटल्या सायकलीला बांधून शाहू स्टेडियमवर जायचो. परगावच्या माणसाला सांगून पटत नाही, पण कोल्हापूर जेवढं कुस्तीचं तेवढंच फुटबॉलचं. संघांची नावंच बघा ना, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. ज्या तालमीत शड्डू घुमायचे त्याच तालमीनं पुढं चेंडू हातात घेतला. मॅचला पेठच्या पेठ येऊन बसायची. हरलेल्या पेठेत त्या रात्री मोठ्यानं कोण बोलायचं नाही.

एवढं सांगायचं कारण, या खेळावरनं माणसं का भांडतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण 2021 साली माझ्या नातवानं जे भांडण माझ्यासमोर आणलं, त्यानं मला माझ्याच एका जुन्या दुखण्यापाशी नेऊन बसवलं.

नातू पुण्याला कंपनीत. कोरोनामुळं काम घरातनंच सुरू होतं, म्हणून तो गावी आलेला. त्याच्या पुण्याच्या खोलीवरचा जोडीदार कोलकात्याचा, ईस्ट बंगाल क्लबचा कट्टर. त्याच्या नादानं आमचंही पोरगं लाल-पिवळा शर्ट घालून सोप्यात बसायला लागलं. रोज रात्री जेवणं झाली की जोडीदाराचा फोन यायचा आणि अर्धा हिंदी, अर्धा इंग्रजी असा कालवा सुरू व्हायचा. एकदा मी विचारलं, "कुणाची वाटणी चाललीया रं?"

तो म्हणाला, "आबा, वाटणीच हाय. क्लबची."

मग त्यानं सांगितलं ते असं. ईस्ट बंगाल हा 1920 सालचा क्लब. जोडाबागान नावाच्या संघानं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात एका पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळलं, त्या रागातनं सुरेशचंद्र चौधुरी नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हा वेगळा संघ काढला. पुढं फाळणी झाली. ढाका, बारिसाल, मैमनसिंग इकडनं माणसं नेसत्या कपड्यानिशी कोलकात्याला आली. त्यांचं गाव गेलं, घर गेलं, तळं गेलं. राहिलं काय, तर गावाच्या नावाचा हा क्लब. जोडीदाराचा आजा त्यातलाच. क्लब जिंकला की घरात हिलसा मासा आणायचाच, खिशात पैसे असोत नसोत.

अशा क्लबला पैशाची वानवा पडली. तो सभासदांचा क्लब, आपल्या सोसायटीसारखा. त्यांची कमिटी, त्यांची निवडणूक. वर्षानुवर्षं एका दारू कंपनीचं नाव छातीवर लावून खर्च भागवला. पण 2014 साली इंडियन सुपर लीग निघाली आणि तिथं मोठ्या पैशाचे संघ उतरले. त्यांच्या पंगतीला बसायचं तर तेवढं ताट पाहिजे. 2018 साली क्वेस नावाची कंपनी आली, सत्तर टक्के हिस्सा घेतला आणि दोन वर्षांत निघून गेली. 2020 साली श्री सिमेंट आली, शहात्तर टक्के. त्या पैशावर क्लब सुपर लीगमध्ये शिरला. प्राथमिक करारावर सह्या झाल्या होत्या. पण अंतिम करार समोर आला तेव्हा क्लबचे पदाधिकारी म्हणाले, यात आमचे आणि सभासदांचे सगळेच हक्क जातात, आम्ही सही करणार नाही. कंपनी म्हणाली, सही नाही तर पैसा नाही. वर आधीच्या खेळाडूंची देणी थकलेली, त्यामुळं नवे खेळाडू घ्यायला बंदी.

इथं समर्थकांत दोन तट पडले. एक तट म्हणे, सही करा. संघ मैदानात उतरणारच नसेल तर तुमचे हक्क काय देव्हाऱ्यात पुजायचे? दुसरा म्हणे, आज सही केली तर उद्या नाव, रंग, चिन्ह सगळं त्यांचं. ते विकतील, बंद करतील, आपण कोण विचारणार? 21 जुलैला क्लबच्या दारात माणसं जमली, आपसांत जुंपली आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या रात्री जोडीदार फोनवर रडत होता. त्याच्या ओळखीच्या एका पोराचं डोकं फुटलं होतं.

तारीख माझ्या ध्यानात राहिली त्याला कारण आहे. त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं पंचगंगेचं पाणी चढायला लागलं आणि आमचा नदीकाठचा ऊस बुडाला. चार दिवस वीज नाही, फोन नाही. अंधारात सोप्यात बसून नातू आणि मी त्याच क्लबचं बोलत बसलो. दुसरं बोलायला होतं ते पाण्याखाली होतं.

नातवानं विचारलं, "आबा, तुम्ही असता तर सही केली असती का?"

मी लगेच बोललो नाही. कारण तो प्रश्न मला एकदा येऊन गेला होता.

आमच्या भागातला साखर कारखाना सहकारी. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. माझ्या वडलांनी त्याचा शेअर घेतला तो दुभती म्हैस विकून. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही असं ती शेवटपर्यंत सांगायची. रागानं नव्हे, म्हशीच्या आठवणीनं. पण पहिल्या हंगामाचा भोंगा वाजला तेव्हा वडील अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपला वाजला." आमच्या घरात त्या कारखान्याला कधी 'कारखाना' म्हटलंच नाही. 'आपला' म्हणायचे. 'आपल्याची टोळी आली', 'आपल्याचं बिल निघालं'.

पुढं जे महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी झालं तेच इथं झालं. नको तिथं बांधकामं, पाहुण्यारावळ्यांची नोकरभरती, कर्जावर कर्ज. वार्षिक सभेत अहवाल वाचायच्या आधी पुढच्या रांगेतनं 'मंजूर, मंजूर' व्हायचं आणि आम्ही मागनं चहा पिऊन घरी यायचो. शेवटी बँकेनं जप्ती आणली आणि कारखाना खाजगी कंपनीला भाड्यानं द्यायचा ठराव सभेपुढं आला. त्या सभेत मी आयुष्यात एकदाच उठून बोललो. म्हटलं, "ह्यो कारखाना आमच्या बापजाद्यांच्या घामाचा हाय, कुणा शेठजीला आंदण द्यायला तुमच्या घरचा न्हवं." टाळ्या पडल्या. मी बसलो. आणि मागच्या खुर्चीवरनं एक म्हातारा, वडलांच्या वेळचा, शेतकी ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस, पुढं वाकून हळूच म्हणाला, "बाळ, 2008 च्या हंगामाला तुझा ऊस कुठं गेलता?"

सांगतो कुठं गेला होता. त्या साली सगळीकडंच ऊस कमी. कारखाने एकमेकांचा ऊस पळवत होते. आपल्या कारखान्याचं आदलं बिल अजून निम्मं यायचं होतं. शेजारचा कारखाना टनाला दीडशे रुपये जास्त आणि रोख देत होता. मी ऐंशी टन ऊस तिकडं घातला. रात्री ट्रॅक्टर भरला, का तर वडलांना दिसू नये. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले, पण कान शाबूत होते. सकाळी एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टर वरच्या अंगाला गेला. आपला तर खालच्या अंगाला हाय." बारा हजार रुपये जास्तीचे आले. त्यात मोटरसायकलचा पहिला हप्ता भरला. आपला कारखाना त्या हंगामात उसाअभावी लवकर बंद झाला. एका माझ्या ऐंशी टनानं तो बुडला असं मी म्हणत नाही. पण आम्ही सगळ्यांनी ऐंशी ऐंशी टन असेच रात्री काढले होते.

म्हणून नातवाला मी सरळ उत्तर देऊ शकलो नाही. 'आपलं' हा शब्द तोंडात फार गोड लागतो. पण तो वापरायचा हक्क कशानं येतो? जीव लावल्यानं? जीव तर मीही लावला होता. खोटं नाही ते, आजही भोंगा वाजला की छातीत काहीतरी होतं. पैसा घातल्यानं म्हणावं, तर म्हैस विकलेल्या माणसापेक्षा शहात्तर टक्केवाला मोठा मालक ठरतो. आणि पैसेवाल्याचं काय, तो दोन वर्षांत उठून जाऊ शकतो. क्वेस गेली. श्री सिमेंटही गेली. मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी मध्ये पडून 2021 चा एक हंगाम निभावून नेला, संघ त्यात तळाला राहिला, वीस सामन्यांत एकच विजय, आणि 2022 च्या उन्हाळ्यात कंपनीनं हात काढून घेतला. कंपन्यांचं मी चुकलं म्हणत नाही. त्यांच्या दारात सही मागायला लोक भांडत होते, सही मिळत नव्हती, आणि पैसा मात्र त्यांचाच जळत होता. व्यवहार बघणारा माणूस किती दिवस थांबेल?

आमच्याकडं खंडानं रान करणारी माणसं असतात. दोन-तीन वर्षांच्या बोलीवर रान घ्यायचं, पैसा आधी मोजायचा. वाईट नसतात ती, कष्टाळू असतात. पण खंडाच्या रानात शेणखत कोण घालत नाही. शेणखताचं फळ तीन वर्षांनी दिसतं, तोवर रान दुसऱ्याकडं. म्हणून युरिया टाकायचा, पाणी पाजायचं, निघंल तेवढं काढायचं. नातवाला म्हटलं, तुमच्या क्लबचं हेच होणार. जो दोन वर्षांसाठी आलाय तो दोन वर्षांचे खेळाडू आणेल. बारा वर्षांचं पोरगं धरून त्याला दहा वर्षं दूध-भाकरी घालून खेळाडू करणं हे शेणखत आहे. ते घालायला रान आपलं आहे असं वाटावं लागतं.

नातू म्हणाला, "मग सही करायची न्हाई?"

"तसं न्हवं. खंडाचा कागद नीट करायचा. बांध कुणाचा, विहीर कुणाची, झाडं तोडायची का न्हाई, हे आधी लिहून घ्यायचं. आणि रान पडीक टाकायचं नाही. पडीक रानात हरळी माजती, मग मालकालाही पीक येत न्हाई."

हे मी बोललो खरं, पण सोपं नाही ते. मोहन बागानचं बघा. 1911 साली अनवाणी पायांनी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवलेला क्लब. त्यांनी 2020 साली ऐंशी टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाला दिला आणि त्याच्या दुसऱ्या संघाचं 'एटीके' हे नाव आपल्या नावाच्या आधी लावून घेतलं. पैसा आला, चांगले खेळाडू आले, संघ वरच्या नंबरात खेळायला लागला. तरी समर्थक गप्प बसले नाहीत. तीन वर्षं त्यांचं एकच म्हणणं, आमच्या नावाआधीचं नाव काढा. 2023 च्या मार्चमध्ये संघानं सुपर लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकानं जाहीर केलं, एटीके निघालं. म्हणजे जिंकत असतानाही माणसं नावासाठी भांडली. हे मला मोठं वाटतं. आम्हाला दर चांगला मिळाला असता तर कारखान्याच्या पाटीवर कुणाचं नाव आहे हे आम्ही वर मान करून बघितलं नसतं.

आणखी एक गोष्ट नातवानं सांगितली ती इंग्लंडची. बरी नावाचं मँचेस्टरजवळचं गाव, तिथला 1885 सालचा क्लब. दोनदा त्यांचा मोठा एफए कप जिंकलेला, 1900 ला आणि 1903 ला. तो क्लब कर्जात गेला आणि 2018 च्या डिसेंबरात विकला गेला एका पौंडाला. मी नातवाला दोनदा विचारलं, एकाच? एकाच. कर्जासकट घ्यायचा म्हणून एक. आणि नव्या मालकालाही तो पेलला नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये लीगनं क्लबला काढून टाकलं. त्याच दिवशी सकाळी गावचे शेकडो लोक बादल्या, फडकी घेऊन स्टेडियममधल्या खुर्च्या पुसायला आले होते. कुणीतरी घ्यायला येईल, मॅच होईल, तेव्हा मैदान स्वच्छ पाहिजे म्हणून. रात्री कळलं की क्लबच राहिला नाही.

त्या खुर्च्या पुसणाऱ्या माणसांचा मी बरेच दिवस विचार करत होतो. त्यांच्या हातात शेअर नव्हता, सही नव्हती. कर्ज त्यांनी काढलं नव्हतं. तरी बादली घेऊन आले. मी मात्र रात्री ट्रॅक्टर भरला होता.

पुढं त्या लोकांनी आपला नवा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीवरचा. त्यातही तट पडले. एका तटाचा नवा क्लब, दुसऱ्याच्या ताब्यात जुनं मैदान आणि जुनं नाव. एकत्र यायचं मतदान एकदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं, आणि 2023 पासनं ते परत आपल्या जुन्या मैदानावर खेळतात. मोठ्या लीगपासनं पुष्कळ खाली, पण क्लब त्यांचा.

कोलकात्याच्या जोडीदाराला नातवानं हे सांगितलं तर तो चिडला. म्हणाला, आमच्या क्लबनं खालच्या लीगमध्ये खेळायचं? आमच्या आज्यानं त्यासाठी उपास काढले? त्याचंही मला पटतं. लहान व्हा असं सांगणं सोपं असतं, विशेषतः दुसऱ्याला. आमच्या कारखान्याला कुणी म्हटलं असतं की कर्ज काढून गाळप वाढवू नका, जेवढा आपला ऊस तेवढाच कारखाना ठेवा, तर आम्हीच त्याला सभेतनं हुसकून लावलं असतं. शेजारच्याचं गाळप वाढलं, आमचं का नाही, हे ओरडणारे आम्हीच होतो. पुढच्या रांगेतले 'मंजूर' म्हणायचे हे खरं, पण त्यांना नको ते मागायला मागच्या रांगेनंच शिकवलं. सुपर लीगमध्ये गेलंच पाहिजे म्हणून कोलकात्यात जो दाब होता तो काय कंपनीचा होता? तो समर्थकांचाच होता. मग दहा एकराचं पाणी असताना वीस एकर ऊस लावायचा आणि वाळला की पाण्याला शिव्या द्यायच्या.

ईस्ट बंगालला 2022 साली इमामी नावाची तिसरी कंपनी मिळाली. त्याच हंगामात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला, त्या लाल-पिवळ्या शर्टात उतरला. नातवाला आभाळ ठेंगणं झालं. 2024 च्या जानेवारीत भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, बारा वर्षांनी मोठा कप. त्या रात्री जोडीदारानं हिलसाचा फोटो पाठवला. मी नातवाला विचारलं, "कंपनीचं किती वर्षांचं हाय?" तो म्हणाला, "आबा, आज तरी ते इचारू नगा." नाही विचारलं.

आमच्या कारखान्याचा भोंगा अजून वाजतो. भाड्यानं घेतलेल्या कंपनीचा. बिल वेळेवर येतं, काटाही बरा आहे असं म्हणतात. मी ऊस तिथंच घालतो. म्हणताना मात्र आता आम्ही सगळे 'कारखाना' म्हणतो.

परवा गावातली पोरं घरी आली. त्यांनी फुटबॉलचा संघ काढलाय, पावसाळा संपला की तालुक्याच्या स्पर्धेत उतरायचं म्हणतात. गावचाच एक ठेकेदार सगळा खर्च करायला तयार आहे, शर्ट, बूट, बाहेरचे दोन खेळाडूसुद्धा. फक्त संघाला त्याच्या वडलांचं नाव द्यायचं. पोरांच्यात दोन तट. निम्मी म्हणतात घ्या, निम्मी म्हणतात गावाचंच नाव पाहिजे. "आबा, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, आधी वर्गणीची वही आणा, किती जमतंय बघू. एकानं पळत जाऊन वही आणली. चष्मा लावून मी गेल्या सालची पानं चाळायला लागलो. कोण किती देतो म्हणाला, किती दिले, सगळं पोरांनी नीट लिहिलेलं, अक्षर चांगलं. तिसऱ्या पानावर माझं नाव होतं. पुढं पाचशे रुपये, आणि त्याच्यापुढं लाल पेननं, 'येणे'.

पोरं खाली बघत उभी होती. मी आत जाऊन कपाट उघडलं.